पाव गोळी घेतली म्हणून त्रासही पावच होतो का?

तलावपाळीकर:

विषय जुना आहे, टक्कल आणि त्यावरची गोळी, पण परवा माझ्यापुरता पुन्हा ताजा झाला म्हणून लिहितोय.

वय ३६. राहायला वाघबीळ, नोकरी ऐरोलीत. टक्कल दोन्हीकडून वारशात आलंय: आजोबा, काका, मामा, कुणी सुटलेलं नाही. सव्विसाव्या वर्षी कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागले. आईचं निदान तयार होतं, घोडबंदरचं टँकरचं पाणी. (नेरूळचा माझा मावसभाऊ मोरबे धरणाच्या पाण्याने न्हाऊनही माझ्याआधी दोन वर्षं चकाचक झाला. आईला तो पुरावा मान्य नाही.)

तेव्हा एका स्किनच्या डॉक्टरांनी फिनास्टेराइड १ मिग्रॅ लिहून दिली. दीड मिनिटात. "रोज एक, सहा महिन्यांनी दाखवा." दुष्परिणामांबद्दल चकार शब्द नाही, मीही विचारलं नाही. तीन वर्षं घेतली. गळणं थांबलं, मागच्या चांदीवर थोडे नवीनही आले, हे कबूल करायलाच हवं. दुसऱ्या वर्षी लग्न झालं आणि लक्षात यायला लागलं की इच्छाच कमी आहे. शून्य नाही. पंख्याचा रेग्युलेटर कुणीतरी पाचवरून दोनवर आणून ठेवावा तशी. कामाचा ताण, ट्रान्सहार्बरची गर्दी, झोप कमी, असं म्हणत वर्ष काढलं. मग एक दिवस डब्यातला घडी घातलेला कागद उघडून वाचला आणि गोळी बंद केली. दोन-अडीच महिन्यांत माझं सगळं पूर्ववत. आणि वर्षभरात राखलेले केसही गेले, व्याजासकट.

परवा खारघरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस चांगला, वीस मिनिटं बोलला. म्हणाले, "आता लो डोस करू. पाव मिलिग्रॅम रोज, नाहीतर १ ची एक दिवसाआड. डोस कमी, त्रास कमी." बाहेर पडताना बरं वाटलं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा ते बरं वाटणं संपलं.

१९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. टक्कल पडत असलेल्या पुरुषांना ४२ दिवस वेगवेगळ्या मात्रा दिल्या आणि डीएचटी मोजलं. (डीएचटी म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं ते द्रव्य, जे आपल्या केसांच्या मुळांना वर्षागणिक बारीक करत नेतं. फिनास्टेराइड ते बनणं बरंचसं रोखतं.) रक्तातलं डीएचटी ०.०५ मिग्रॅने ४९.५ टक्के उतरलं, ०.२ ने ६८.६, १ ने ७१.४ आणि ५ ने ७२.२. नीट बघा. ०.२ पासून ५ पर्यंत मात्रा पंचवीसपट झाली आणि परिणामात चार टक्क्यांचाही फरक नाही. एक दिवसाआडचंही तेच. गोळी पूर्ण बंद केल्यावरही डीएचटी मूळ पातळीवर यायला साधारण दोन आठवडे लागतात, तिथे एका दिवसाच्या उपासाने काय साधणार?

माझं म्हणणं एवढंच. त्रास जर डीएचटी उतरल्यामुळे होत असेल, तर पाव मात्रेने तो पाव होणार नाही, जवळजवळ तेवढाच होईल. "लो डोस" हे औषध नाही, समजूत आहे.

चुकत असेन तर आकड्यांनी खोडा. "आत्मविश्वास हेच खरं सौंदर्य" छापाचे प्रतिसाद नकोत, ते मी आरशाला रोज देतो.

घणसोली_गणित:

आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा काढलायस.

०.२ ने जवळपास तेवढंच काम होत असेल तर १ का घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. जपानने २००५मध्ये मंजुरी दिली तेव्हा ०.२ आणि १ अशा दोन्ही गोळ्यांना दिली. कमीत कमी जेवढ्याने भागतं तेवढंच घ्यावं, यात समजूत कसली? हा तर शहाणपणा.

आता दुष्परिणाम. १ मिग्रॅच्या मूळ चाचण्यांत गोळीच्या गटात ९४५ पुरुष होते, साखरेच्या गोळीच्या गटात ९३४. इच्छा कमी झाल्याची तक्रार गोळी घेणाऱ्यांत १.८ टक्के, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत १.३. ताठरतेची तक्रार १.३ विरुद्ध ०.७. म्हणजे शंभरात एखादा जास्तीचा, तोही जेमतेम. ज्यांनी गोळी थांबवली त्यांचं पूर्ववत झालं, आणि ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यापैकीही बहुतेकांचं झालं.

आणि आता जरा झोंबेल असं. २००७मध्ये इटलीत प्रोस्टेट (लघवीच्या मार्गाभोवतीची पुरुषांची ग्रंथी) वाढलेल्या १२० रुग्णांना हीच गोळी दिली, ५ मिग्रॅ. अर्ध्यांना आधी सांगितलं की लैंगिक त्रास होऊ शकतो, अर्ध्यांना नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्यात त्रास ४३.६ टक्के, ज्यांना नाही सांगितलं त्यांच्यात १५.३. गोळी तीच! भीतीने तिप्पट केला. "कागद उघडून वाचला आणि गोळी बंद केली" हे तूच लिहिलंयस.

तलावपाळीकर:

वाचून बंद केली, वाचून त्रास सुरू झाला नाही. वर्षभर त्रास आधी, कागद नंतर. क्रम उलटा लावू नकोस राव. मी तर त्या "न सांगितलेल्या" गटातला आहे, आणि तिथेही १५ टक्के आहेतच की.

टाळूवरचं_लोणी:

😄 धागा वर ठेवा. सोमवारी लोकलमध्ये वाचायला.

घणसोली_गणित:

ते १५ टक्के प्रोस्टेटचे, म्हणजे बहुतेक पन्नाशी-साठीचे. त्या वयात गोळीशिवायही तक्रारी असतात. तुझा क्रम मान्य, घेतला मागे. पण नवीन लग्न, ऐरोलीची नोकरी आणि झोप पाच तास, यातलं काय कशामुळे हे तू तरी कसं सांगणार?

आणखी एक मुद्दा. डीएचटी नसेल तर पुरुष संपला, असं जे बोललं जातं त्याला उत्तर या औषधाच्या जन्मातच आहे. १९७४मध्ये ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली या अमेरिकन डॉक्टरने डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावच्या मुलांबद्दल लिहिलं. ती जन्मली तेव्हा मुली समजून वाढवली गेली आणि वयात येताना मुलगे झाली. कारण, डीएचटी बनवणारं एन्झाइमच जन्मतः कमी. ही माणसं मोठी झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहान राहिली, डोक्यावर पुरुषी टक्कल पडलं नाही आणि इच्छा-ताठरता शाबूत. गोळीची कल्पनाच त्यावरून आली. आधी प्रोस्टेटसाठी ५ मिग्रॅ, १९९२. मग केसांसाठी १ मिग्रॅ, १९९७.

एक_निनावी:

जन्मापासून ज्याच्या घरी वीज नाही त्याला अंधाराचं काही वाटत नाही. माझ्या घरचा फ्यूज तिशीत काढला. दोन्ही एकच म्हणता?

मी १ मिग्रॅ दोन वर्षं घेतली. बंद करून चार वर्षं झाली. धागालेखकाची गाडी रुळावर आली, माझी पूर्ण आली नाही. इच्छा कमी हे एक झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे सगळंच सपाट. गणपतीत आरती चालू असताना मी भिंतीकडे बघत उभा असायचो. हे गोळीमुळेच, असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण "शंभरात एखादा" हे जो तो एखादा असतो त्याला सांगून बघा.

अमेरिकेत लेबलवर २०११मध्ये "गोळी बंद केल्यावरही ताठरतेची तक्रार राहिल्याच्या नोंदी" आल्या, २०१२मध्ये इच्छेबद्दल, २०२२मध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल. मे २०२५मध्ये युरोपच्या औषध नियामकाच्या समितीने १ आणि ५ मिग्रॅ दोन्ही गोळ्यांसाठी आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. या सगळ्या सरकारी खात्यांनाही भीतीने पछाडलंय का?

घणसोली_गणित:

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, आणि हे तोंडदेखलं नाही. पण तोच युरोपचा निर्णय पूर्ण सांगा. त्यांनी पाहिलेल्या संबंधित नोंदींपैकी फिनास्टेराइडच्या ३१३. त्यासमोर फिनास्टेराइडचा अंदाजे वापर २७ कोटी रुग्णवर्षं (एकाने वर्षभर घेतली की एक रुग्णवर्ष). आणि त्याच समितीने म्हटलंय की फायदा धोक्यापेक्षा अजूनही जास्त आहे. किती जणांना होतं हे त्यांनाही ठरवता आलेलं नाही.

एक_निनावी:

नोंद करतं कोण? मी केली नाही. तुम्ही ओळखता का एक तरी माणूस ज्याने केली?

औषधविक्या:

ठाणे पूर्वेला माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. तिघांनाही काही सांगतो.

पहिलं, नोंदीबद्दल. आपल्याकडे त्यासाठी सरकारी यंत्रणा २०१०पासून आहे, तिचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः फोन करून दुष्परिणाम कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. बावीस वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकाने केल्याचं मला आठवत नाही. नंबर मी काचेवर चिकटवला होता. त्यावर आता खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. चूक माझीच.

दुसरं आणि महत्त्वाचं. धागालेखक शिकलेला आहे, तरी शीर्षकात "पाव गोळी" लिहून बसलाय आणि मजकुरात "पाव मिलिग्रॅम". काउंटरवर रोज हाच घोळ. पोरं १ ची घेत नाहीत, महाग पडते. प्रोस्टेटची ५ ची घेतात, ब्लेडने चार तुकडे करतात आणि सांगतात, "लो डोस घेतोय, पाव गोळी." अरे बाबा, पाचचा पाव म्हणजे सव्वा मिलिग्रॅम! पूर्ण डोसच्याही वर! आणि ते तुकडे सारखे कधीच होत नाहीत, एकात जास्त, एकात कमी, उरलेला चुरा डबीच्या तळाशी. तो चुरा गरोदर बाईच्या हाताला लागू नये, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका. हे मी सांगतो तेव्हा अर्धे लोक म्हणतात, गोळ्या आईच भरते डब्यात. तिला काही नाही हो, पण वहिनीला?

तिसरं, चिठ्ठी. हे औषध शेड्यूल एचमधलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. किती जण चिठ्ठी आणतात ते विचारू नका, माझंच तोंड काळं व्हायचं. हल्ली ॲपवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की चिठ्ठीसकट पुडकं घरी येतं.

तलावपाळीकर:

घोळ मान्य. शीर्षक तसंच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी राहील. पण बघा, तुमचा सव्वा आणि डॉक्टरांचा पाव, दोन्हींचा रक्तातला परिणाम जवळपास एकच. माझा मुद्दा तुम्हीच घट्ट केलात.

खाडीपलीकडे:

धागालेखकाचा मुद्दा फिनास्टेराइडपुरता मान्य. पण सगळ्या लो डोसना एकाच मापाने मोजू नका. मी दोन वर्षं मिनॉक्सिडिल घेतोय, पोटातून, २.५ मिग्रॅ. इथे लो डोस खराच लो आहे.

हे मुळात रक्तदाबाचं औषध. अमेरिकेत १९७९ला बाजारात आलं, ज्यांचा दाब दुसऱ्या कशाने उतरत नाही त्यांच्यासाठी, १० ते ४० मिग्रॅ. रुग्णांच्या अंगभर केस यायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि १९८८मध्ये टाळूवर लावायचं पाणी निघालं. पोटातून थोड्या मात्रेत केसांसाठी देणं हे अलीकडचं, आणि त्या वापराला अधिकृत मंजुरी नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहितात. हॉर्मोनला हे हात लावत नाही. त्यामुळे निनावींनी सांगितलेली भानगड या वाटेवर नाही.

वाट वेगळी म्हणजे खड्डेही वेगळे. २०२१मध्ये १,४०४ जणांचा आढावा आला. अंगावर-चेहऱ्यावर नको तिथे केस १५.१ टक्के, डोकं हलकं होणं १.७, पाणी साठून सूज १.३, धडधड ०.९. इथे मात्रा वाढली की त्रास वाढतो, कमी केली की कमी होतो. मी स्वतः ५ वर होतो तेव्हा संध्याकाळी वाशीला उतरून घरी मोजे काढले की घोट्यावर रबराची खोल रेघ. २.५ वर आलो, रेघ गेली. कानावरचे केस मात्र राहिलेत. नेरूळचा आमचा सलूनवाला हल्ली विचारतो, "कान पण मारू?" आणि पैसे तेवढेच घेतो.

अवांतर: टाळूवर लावायचं पाणी वापरत असाल आणि घरात मांजर असेल तर बाटली, उशी, टॉवेल सगळं लांब. मांजरासाठी ते विष आहे, थोडंसं चाटलं तरी.

घणसोली_गणित:

चांगला प्रतिसाद, पण एक कमी राहिलं. २०२४मध्ये पुरुषांवर थेट तुलना झाली, पोटातून ५ मिग्रॅ रोज विरुद्ध ५ टक्क्यांचं पाणी दिवसातून दोनदा, २४ आठवडे. पोटातली गोळी सरस ठरली नाही. मग सूज-धडधड कशाला पत्करायची?

खाडीपलीकडे:

कारण दिवसातून दोनदा चिकट डोकं घेऊन पाम बीच रोडवर हेल्मेट घालून बघा एकदा. पाणी लावणारे माझ्या ओळखीतले सगळे चौथ्या महिन्यात थकले. औषध चालतं की नाही यापेक्षा माणूस ते चालू ठेवतो का, हे मोठं.

टाळूवरचं_लोणी:

मी तिसरा मार्ग धरला. लग्नाआधी प्रत्यारोपण. पाहण्याच्या कार्यक्रमाला मुलीच्या आजीने सगळ्यांसमोर विचारलं, "हे केस तुमचेच का?" मी म्हटलं, हो, मागचे पुढे आणलेत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगसारखं. स्थळ गेलं. पुढचं जमलं.

पण माहिती म्हणून सांगतो, प्रत्यारोपण केलेले केस टिकतात, त्यांच्यामधले मूळचे गळतच राहतात. म्हणून तिथेही डॉक्टर हीच गोळी पुढे करतात. सुटका नाही.

पारिजातक:

एवढे प्रतिसाद झाले, सगळे पुरुष, सगळे आकडे. एकानेही "बायकोला विचारलं" असं लिहिलेलं नाही.

आम्ही वाशीला एका ठिकाणी आठ महिने मूल होण्यासाठी फेऱ्या मारल्या. माझं रक्त, माझी सोनोग्राफी, माझ्या नळ्या. ह्यांची एकच तपासणी, शुक्राणू कमी, "होतं असं" म्हणून पुढे. तिसऱ्या डॉक्टरांनी ह्यांना सहज विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? हे म्हणाले, "नाही. म्हणजे, फक्त केसांची." ती "फक्त केसांची" मला तेव्हा कळली! चार वर्षं चालू होती, बॅगेच्या आतल्या कप्प्यात. बंद केली, पाच महिन्यांनी आकडा सुधारला. त्या गोळीमुळेच कमी होता, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. काही पुरुषांत होतं आणि बंद केल्यावर बहुधा सुधारतं, एवढंच म्हणाले. माझा राग गोळीवर नाहीच. मी आठ महिने सुया टोचून घेत होते आणि हा माणूस शेजारी बसून फॉर्मवर "औषधे: नाही" लिहीत होता, त्यावर आहे.

तलावपाळीकर, तुमच्या त्या "रेग्युलेटर दोनवर" वर्षात तुमची बायको काय समजत होती, हे लिहा ना.

निनावी, तुम्हाला वेगळं सांगायचंय. सपाट वाटणं हा थट्टेचा विषय नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. गोळीमुळे आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

एक_निनावी:

धन्यवाद. सहा महिन्यांपासून डॉक्टर आणि औषध चालू आहे. यंदा आरतीत टाळ वाजवला.

तलावपाळीकर:

पारिजातक, तिला वाटत होतं की तिच्यातच काही कमी आहे. हे तिने मला गोळी बंद केल्यावर, सगळं सांगितल्यावर सांगितलं. त्याआधी नाही. यापुढे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

घणसोली_गणित:

यावर माझ्याकडेही आकडा नाही. एवढंच म्हणेन की मी स्वतः १ मिग्रॅ सहा वर्षं घेतोय, काही त्रास नाही, आणि सुरुवातीलाच घरी सांगून घेतली. कदाचित म्हणूनच मला त्रास नसेल. कदाचित मी नुसता नशीबवान असेन. माझी बाजू मी सोडत नाही, गोळी बहुतेकांना सोसते. पण डॉक्टरांनी दीड मिनिटात लिहून देऊ नये, यावर सहमत.

उपवनवासी:

मुलांनो, मी ६७ वर्षांचा. चाळिशीत डोकं साफ झालं, उन्हाळ्यात थंड आणि कंगव्याचा खर्च नाही, यापलीकडे त्याचा विचार केला नाही. तरी धागा पूर्ण वाचला, कारण मधेच थबकलो.

ते "प्रोस्टेटची ५ ची" वाचून उठलो आणि माझी स्ट्रिप बघितली. फिनास्टेराइड ५ मिग्रॅ. तीन वर्षं घेतोय. तुम्ही पाव की एक यावर हाणामारी करताय, आम्ही म्हातारे पाच घेतोय आणि आम्हाला कुणीच काही विचारत नाही. डॉक्टर विचारतात, "रात्री किती वेळा उठता?" बस. माझा त्रास गोळीचा की वयाचा, कोण जाणे. पण विचारायला काय हरकत होती?

तलावपाळीकर, तुझे वडील असतील माझ्याच वयाचे. त्यांच्या डब्यात काय आहे, बघितलंयस कधी?

तलावपाळीकर:

काका, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री बाबांच्या औषधांचा डबा उघडला. फिनास्टेराइड ५, तिच्याखाली टॅम्सुलोसिन, तीही प्रोस्टेटचीच. चार वर्षं. महिन्याचं सामान मीच आणतो, मेडिकलवाल्याला मीच व्हॉट्सॲपवर स्ट्रिपचा फोटो पाठवतो. आणि मी इथे ०.२ आणि १ चा तक्ता टाकत बसलो होतो.

विचारायला तीन दिवस लागले. घरात जमेना. रविवारी त्यांना घेऊन राम मारुती रोडला निघालो, तेव्हा माजिवड्याला गाडी अडकली. गाडीत बरं असतं, दोघांनाही समोर बघत बोलता येतं. म्हटलं, बाबा, ती प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यापासून, म्हणजे, तुम्हाला काही फरक जाणवला का? तसा?

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाणवला. मला वाटलं वयामुळे." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या आईलाही तसंच वाटलं असणार."

मागच्याने हॉर्न मारला म्हणून पुढे निघालो. माझ्या गोळीचं अजून काही ठरवलेलं नाही.

उपवनवासी:

विचारलंस, बरं केलंस. त्यांना सांग, उपवनला सकाळी साडेसहाला आम्ही पाच-सहा जण असतो.

औषधविक्या:

गोळी स्वतःहून थांबवू नका, लघवी अडली तर मध्यरात्री धावपळ होईल. आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, दुसरे पर्याय असतात. आणि एक विचारतो, बाबांची पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय बघायची रक्ततपासणी, झाली असेल ना? ही गोळी चालू असताना तो आकडा साधारण निम्मा दिसतो, दुप्पट धरून वाचावा लागतो. रिपोर्ट बघणाऱ्याला गोळी चालू आहे हे माहीत होतं का?

तलावपाळीकर:

जूनमध्ये केली होती. फाइल काढली आत्ता. २.३, पुढे "नॉर्मल". ती मी दुसऱ्याच लॅबमध्ये, सोसायटीच्या शिबिरात करून घेतली होती. फॉर्म मीच भरला होता. औषधांच्या रकान्यात रेघ आहे.

उद्या सकाळी फोन करतो.